कुठल्या चित्रावरून?

सिएसा गावात चर्चच्या भिंतीला टेकून विसीची टपरी होती. टपरी म्हणजे चार फळकुटं, वर दोन दोऱ्या आणि दोऱ्यांना कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेली चित्रकथांची पुस्तकं. नवं पुस्तक विकत घ्यायची ऐपत आमच्यात कुणाची होती हो तेव्हा? वाचून झालेलं पुस्तक आणायचं, वर एक नाणं टेकवायचं आणि दुसरं घेऊन जायचं. विसीचा कायदा एकच. एक उचललं की एक ठेवलं पाहिजे. त्यातून पाद्र्यालाही सूट नव्हती. तो एकदा खरंच आला होता, गुपचूप गुप्तहेराच्या गोष्टी न्यायला, आणि बदल्यात संतांची चरित्रं ठेवतो म्हणाला. विसी म्हणाली, "फादर, ही माझ्याकडून कोण नेणार? गुप्तहेराला गुप्तहेरच लागतो." बिचारा हात हलवत परत गेला.

फुएन्सांता ही विसीची एकुलती एक मुलगी. तिचं बालपण त्या टपरीच्या फळीखाली गेलं. बाकीच्या पोरी दोरीवरच्या उड्या मारायच्या आणि ही खाली बसून वाचायची. "माल वाच, पण मळवू नकोस," एवढंच आई म्हणायची. वाचून वाचून नवव्या वर्षीच चष्मा लागला. शेजारणी म्हणाल्या, झालं, आता हिला नवरा कुठला मिळणार. विसी म्हणाली, नवरा नाही मिळाला तर नाही मिळाला, चष्मा तर मिळाला.

पोरगी हुशार निघाली. मुर्सियाला जाऊन साहित्य शिकली, चांगल्या गुणांनी पदवी घेतली आणि शिक्षिका झाली. इथवर सगळं छान. पण आमच्याकडे शिक्षक होणं आणि कायम शिक्षक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोन्हींच्या मध्ये माणसाचं अख्खं तारुण्य जातं.

कायम नोकरी हवी तर सरकारी परीक्षा द्यायची. उमेदवार शेकड्यांनी आणि जागा बोटांवर मोजण्याइतक्या. जागा मिळेपर्यंत तुम्ही हंगामी. दर सप्टेंबरला फोन येतो आणि पलीकडचा आवाज सांगतो, उद्यापासून येक्ला गावी. पुढच्या वर्षी लोर्का. मध्येच कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेली की आगिलास. विचारत कुणी नाही, सांगतात. नाही म्हटलंत तर नाव यादीच्या तळाशी. एवढ्या वर्षांत फुएन्सांतानं भाड्याच्या खोलीत एक जिरेनियमची कुंडीही ठेवली नाही. फुलं येईपर्यंत आपण इथे असू, हे कुणी सांगावं? लोर्काला एक बरा माणूस भेटला होता, वनखात्यातला, शांत, हसरा. दोघं रविवारी हिंडायला जायची. ते नातं रुजायच्या आतच हिला दुसऱ्या टोकाला धाडलं. पहिले काही महिने तो बसनं यायचा. पुढे येईनासा झाला. फुएन्सांतानं त्याला कधी दोष दिला नाही. दोष दिला तो सप्टेंबर महिन्याला.

आणि हंगामी बाईंच्या वाट्याला वर्ग तरी कुठले यायचे? जे कायमवाल्यांना नको असतात ते. मोटार दुरुस्ती, सुतारकाम, केशरचना शिकणाऱ्यांना भाषा शिकवायची. आपल्याला पुस्तक वाचता येत नाही, असं दहा वर्षं सगळ्यांकडून ऐकून ज्यांना ते आता पटलेलं आहे, अशी ही पोरं. येक्लाला सुतारकामाच्या वर्गात तिनं पहिल्या दिवशी एक सुनीत वाचलं. चौदाव्या ओळीला तिनं मान वर केली तर अर्धा वर्ग झोपलेला आणि उरलेला अर्धा खिडकीबाहेर. दुसऱ्या दिवशी ती आईच्या माळ्यावरचा एक गठ्ठा घेऊन गेली.

त्या गठ्ठ्यात टेलेस्फोरो नावाच्या एका पोस्टमनच्या जुन्या चित्रकथा होत्या. दर गोष्टीत टेलेस्फोरो एक पार्सल पोचवायला निघतो, वाटेत शंभर भानगडी होतात आणि शेवटच्या चित्रात पार्सल त्याच्याच बगलेत असतं. पोरं खदाखदा हसली. मग फुएन्सांतानं विचारलं, हा माणूस कसा आहे? खायरो नावाचा एक दांडगा पोरगा म्हणाला, "आळशी आहे, बाई."

"कुठल्या चित्रावरून?"

"म्हणजे?"

"म्हणजे बोट ठेव. कुठल्या चित्रात तो आळशी दिसतो?"

खायरोनं शोधलं. मिळालं नाही. टेलेस्फोरो सगळीकडे धावतच होता. तेव्हापासून तो प्रश्न तिच्या वर्गाचा कायदा झाला. लोभी आहे म्हणतोस? कुठल्या चित्रावरून? घाबरट आहे? कुठल्या चित्रावरून? पोरं चवताळून पानं उलटू लागली. महिनाभरानं त्याच खायरोनं शोध लावला. एवढ्या गोष्टी झाल्या, हा पोस्टमन सगळ्या गावाच्या दारात उभा राहिला, पण त्याचं स्वतःचं दार एकाही चित्रात नाही. जेवतो तो दुसऱ्याच्या घरी, झोपतो तो बाकावर. "बाई," खायरो म्हणाला, "पार्सल पोचवलं तर याला जायला जागाच नाही." त्या दिवशी फुएन्सांता खोलीवर गेली आणि एकटीच मोठमोठ्यानं हसली. आनंदानं. ज्या पोरांना वाचता येत नाही म्हणतात, त्यांनी एका माणसाचं काळीज वाचलं होतं!

शिक्षकांच्या खोलीत मात्र टिंगल. "काय फुएन्सांता, आज काय शिकवलंस? उंदीर-मांजर?" ती म्हणायची, "हो, आणि तुमच्यासारखे दोन बोकेही होते." तोंड तिखट होतंच, आईवर गेलेलं. पण टिंगलीनं कायम नोकरी मिळत नाही, आणि उलट उत्तरानं तर नाहीच नाही.

परीक्षा तिनं पुन्हा पुन्हा दिली. लेखी दर वेळी पार पडायची, गाडं अडायचं ते तोंडीत. तोंडीची तऱ्हा अशी, की वर्षभराचे धडे उमेदवारानं स्वतः आखून द्यायचे. मग पिशवीत हात घालून क्रमांकांच्या तीन गोट्या काढायच्या, त्या तीन धड्यांतला एक निवडायचा, आपल्या साहित्यासह तासभर एका खोलीत कोंडून घ्यायचं आणि मग पाच परीक्षकांपुढे तो धडा मांडायचा. हा सगळा प्रकार दार उघडं ठेवून. ज्याला ऐकायचं असेल त्यानं मागच्या बाकावर येऊन बसावं.

तयारी करून घ्यायला मुर्सियात आन्सेल्मो सरांचा क्लास होता. मोठं प्रस्थ. त्यांनी फुएन्सांताची आखणी चाळली आणि चित्रकथांच्या धड्याशी थांबून नाक मुरडलं. "हा काढा."

"संख्या भरायला लागतो, सर."

"मग राहू दे. पण गोटी आली तरी निवडायचा नाही. शपथ घ्या. सुनीत निवडायचं. सुनीतानं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही."

फुएन्सांतानं दोनदा ऐकलं. दोन्हीदा सुनीत निवडलं, दोन्हीदा उत्तीर्ण झाली आणि दोन्हीदा थोडक्यात जागा हुकली. आता पन्नाशी आली होती. मावसभावाचा पीच डबाबंद करायचा कारखाना होता. तो म्हणाला, "ऑफिसात खुर्ची मोकळी आहे. सोमवारपर्यंत सांग. मग मी दुसरी बाई घेणार." फुएन्सांतानं मनाशी ठरवून टाकलं. ही शेवटची खेप. या वेळी जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर पुस्तकांना रामराम आणि पीचच्या डब्यांना सलाम.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती सिएसाला आईकडे आली. साहित्य आवश्यकच, म्हणून टेलेस्फोरोच्या गठ्ठ्यातलं एक पुस्तकही एका कापडी पिशवीत घालून दाराशी ठेवलं. न जाणो, लागलं तर. सकाळी अंघोळ केली, कॉफीत पाव बुडवून खाल्ला, आणि आईला घेऊन बस पकडली. विसी तेव्हा ऐंशीला टेकली होती. "तू कशाला येतेस?" असं फुएन्सांतानं विचारलं, तर म्हणाली, "सगळ्यांना यायची मुभा आहे ना? मग मी काय घोडं मारलंय?" हातात पंखा, अंगावर रविवारचे कपडे. जूनचा उन्हाळा, बसमध्ये माणसं नुसती शिजत होती.

परीक्षा एका शाळेत होती. वरांड्यात उमेदवार भिंतीला पाठ लावून उभे, सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. परीक्षकमंडळाच्या अध्यक्षा एर्मिनियाबाई. निवृत्तीला आलेल्या, ताठ, पांढरे केस मागे घट्ट ओढलेले. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. फुएन्सांताच्या आधी एक तरुण मुलगा आत होता, आणि दार उघडंच असल्यानं त्याचं सगळं बाहेर ऐकू येत होतं. फुएन्सांतानं दोन वाक्यं ऐकली आणि तिचे डोळे विस्फारले. हे तर आपलंच सुनीत! आपला धडा, आपली उदाहरणं, चौथ्या ओळीशी थांबून सोडायचा आपलाच तो सुस्कारा! आन्सेल्मो सरांनी सगळ्या क्लासला एकच धडा पाठ करून घेतला होता. शेजारी उभी असलेली मुलगीही ओठ हलवत पुढचं वाक्य पुटपुटत होती.

"किती जणांनी म्हटलं हे सकाळपासून?" फुएन्सांतानं तिला विचारलं.

"सुनीताची गोटी आली त्या सगळ्यांनी," ती मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "ती आली तर मीसुद्धा तेच म्हणणार आहे, काय करू?"

फुएन्सांताचं नाव पुकारलं. तिनं पिशवीत हात घातला आणि तीन गोट्या काढल्या. एक सुनीताची, एक वाक्यरचनेची, एक चित्रकथांची. समोर पाच परीक्षक. त्यातला एक डोळे उघडे ठेवून झोपला होता, अगदी येक्लाच्या सुतारांसारखा. हे बघितलं आणि फुएन्सांताच्या डोक्यात काहीतरी सटकलं. पाठ केलेला सुस्कारा सोडून आयुष्याचा निकाल लावून घ्यायचा? छट्! मरायचंच तर आपल्या पायावर उभं राहून मरू.

"चित्रकथा," ती म्हणाली.

झोपलेला परीक्षक जागा झाला. एर्मिनियाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की? एकदा निवडलं की बदलता येत नाही."

"नक्की."

सही झाली. तिचा फोन काढून घेतला, तिला एका रिकाम्या वर्गात नेलं आणि दार ओढून घेतलं. फुएन्सांतानं पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या, कापडी पिशवी बाकावर पालथी केली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

टेलेस्फोरो नव्हता. पोस्टमनच्या पुस्तकाच्या जागी भलतंच एक पुस्तक होतं. आडवं, पातळ, पिवळं पडलेलं, मुलींसाठी काढत त्यातलं. मुखपृष्ठावर शिंपीण, राजपुत्र, गुलाबाची वेल. आणि कोपऱ्यात जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं नाव, सेलेदोनिओ.

तिला क्षणात सगळं कळलं. सेलेदोनिओकाका म्हणजे आईच्या शेजारचे. टपरी बंद होऊन तीस वर्षं झाली, पण हे दोघं म्हातारे अजून घरच्या घरी पुस्तकं अदलाबदल करतात. बहिणीच्या मागे राहिलेली तिची पुस्तकंही काकांनी त्यात घातली होती. सकाळी ही अंघोळीला गेली, काका आले, त्यांनी दाराशी पिशवी पाहिली, टेलेस्फोरो उचलला, आणि विसीनं आपला कायदा पाळला. एक उचललं, एक ठेवलं.

फुएन्सांताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई!" ती रिकाम्या वर्गात ओरडली. "अगं, जन्म दिलास आणि आज गळा घोटलास!" टेबलावर मूठ आपटली. रडलीसुद्धा. तासातली किती मिनिटं त्यात गेली देव जाणे. टेलेस्फोरोची चित्रं दाखवल्याशिवाय टेलेस्फोरो शिकवता येत नव्हता. तिच्या धड्याचा कणाच तो होता, बोट ठेव, चित्र दाखव. हवेत बोट कसं ठेवणार? सोमवारचा कारखाना, डबे, मावसभावाचं खाकरणं, सगळं डोळ्यांपुढे आलं.

मग तिनं नाक पुसलं आणि ते पुस्तक उघडलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

असली पुस्तकं तिनं लहानपणीही वाचली नव्हती. टपरीत त्यांचा वेगळा ढीग असायचा आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही पाहायची नाही. गोष्ट अशी. रोसाल्बा ही गरीब शिंपीण. राजपुत्राचा झगा तिला शिवायचा आहे, चांदण्यांची नक्षी काढून. एक दुष्ट सरदारीण आहे, तिला राजपुत्राशी लग्न करायचं आहे. रोसाल्बा सोसते, सरदारीण छळते. फुएन्सांता वाचताना पुटपुटली, "काय बावळट मुलगी आहे ही!" आणि लगेच तिचंच वाक्य तिच्या कानावर आदळलं. कुठल्या चित्रावरून?

ती दचकली. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, या वेळी बोट ठेवत. आणि चित्रं हळूहळू बोलायला लागली.

तासाभरानं दार उघडलं आणि तिला पुन्हा परीक्षेच्या खोलीत नेलं. आत पाच परीक्षक, आणि मागच्या बाकावर विसी, पंखा हलवत. फुएन्सांतानं आईकडे असा काही कटाक्ष टाकला की पंखा थांबलाच. विसीला काही कळेना.

"मी ज्या पुस्तकावर बोलणार होते ते आज माझ्याजवळ नाही," फुएन्सांता म्हणाली. "हे पुस्तक मी तासापूर्वी पहिल्यांदा पाहिलं. माझी मुलंही नवं पुस्तक अशीच उघडतात, तेव्हा आज मी त्यांच्या बाकावर बसलेय असं समजा."

सेक्रेटरी म्हणून बसलेला परीक्षक काहीतरी लिहून घेऊ लागला. फुएन्सांतानं तिकडे पाहिलं नाही. ती टेबलाजवळ गेली आणि पुस्तक परीक्षकांपुढे उघडून धरलं.

"यात दुष्ट कोण? वर्गाला विचारलं तर सगळे म्हणतील, सरदारीण. मग मी विचारते, कुठल्या चित्रावरून? आता बघा. ही कुणाला मारत नाही, विष घालत नाही, चोरी करत नाही. ती काय करते? ती मागते. मला हा झगा हवा. मला राजपुत्र हवा. मला खिडकीजवळची खुर्ची हवी. प्रत्येक चित्रात तिचे डोळे समोर, सरळ तुमच्याकडे. आणि रोसाल्बा? तिची मान प्रत्येक चित्रात खाली. अख्ख्या पुस्तकात 'मला हवं' हे शब्द तिच्या तोंडी एकदाही नाहीत. दुष्टपणाचा एकच पुरावा चित्रकारानं दिलाय. या बाईला काहीतरी हवं आहे, आणि ते ती तोंडानं बोलते."

झोपाळू परीक्षक पुढे सरकून बसला होता.

"या पुस्तकांवर एक पिढी वाढली," फुएन्सांता म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. पाठ केलेला नव्हता तो, पोटातून येत होता. "चांगली मुलगी मागत नाही. चांगली मुलगी वाट बघते. कुणीतरी येईल आणि देईल. हा या गोष्टीचा आशय, आणि तो कुठल्याच वाक्यात लिहिलेला नाही. तो मानेत आहे, डोळ्यांत आहे. केशरचनेच्या वर्गातल्या माझ्या मुली हे पाच मिनिटांत शोधतील. कारण कुणाची मान कुठे वाकते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मग तिनं शेवटचं पान उलटलं. त्या पानाला भोक होतं. मागच्या बाजूला कागदी बाहुलीचं कूपन छापलेलं असे, पोरी ते कात्रीनं कापून घेत, आणि त्याबरोबर पुढच्या बाजूची चित्रंही जात. शेवटची दोन चित्रं गायब.

"शेवट कापलेला आहे," फुएन्सांता म्हणाली. "वर्गात मी हेच पान देईन आणि सांगेन, शेवट तुम्ही काढा. फक्त अट एक..."

"ती लग्न करते," एर्मिनियाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मांडणी चालू असताना परीक्षकांनी बोलायचं नसतं. सेक्रेटरी खाकरला, "बाई, वेळ चालू आहे..."

"थांबवा वेळ." मग फुएन्सांताकडे वळून त्या म्हणाल्या, "मी लहानपणी असली शेकड्यांनी वाचली आहेत. शेवटी लग्न होतंच. दुसरं काही होतच नसे."

आता इथे शहाण्या उमेदवारानं काय करावं? मान डोलवावी, बरोबर आहे बाई म्हणावं, आणि पुढे जावं. फुएन्सांताच्या मनात तेही येऊन गेलं. जागा समोर होती. पण एवढ्या वर्षांची जीभ तिची, ती कुठली ऐकते?

"कुठल्या चित्रावरून, बाई?"

सेक्रेटरीनं डोळे मिटून घेतले. मागे विसी शेजारच्या माणसाला म्हणाली, "गेलं सगळं. माझ्यावर गेली कार्टी."

एर्मिनियाबाईंनी हात पुढे केला. "द्या इकडे."

त्यांनी पुस्तक घेतलं, चष्मा काढला, डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ त्या भोकाच्या आधीचं शेवटचं चित्र पाहत राहिल्या. रोसाल्बा खिडकीशी, मांडीवर कापड, हातात सुई. मग पान मागे उलटलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे.

"हे कापड वेगळं आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "राजपुत्राच्या झग्यावर चांदण्या आहेत. यावर नाहीत. हा त्याचा झगाच नाही." मग एकदम मान वर केली. ते ताठ तोंड पार बदलून गेलं होतं. "ही स्वतःसाठी काहीतरी शिवतेय!"

फुएन्सांतानं झुकून पाहिलं. तासभर ती त्याच पुस्तकात डोकं घालून बसली होती आणि हे तिच्याही नजरेतून सुटलं होतं. "बाई," ती आनंदानं जवळजवळ किंचाळलीच, "हे मला दिसलंच नव्हतं!"

आणि एर्मिनियाबाई हसल्या. चांगल्या मोठ्यानं. मग चौघं परीक्षक त्या पुस्तकावर ओणवे झाले. झोपाळू म्हणाला, बाही आहे ती, बाही. दुसरा म्हणाला, छे, प्रवासाचा डगला आहे, बघा ना लांबी. कुठल्या चित्रावरून, असं तिसऱ्यानं विचारलं. सेक्रेटरी घड्याळ हातात धरून उभा, आणि शेवटी तोही, "जरा मला बघू द्या हो," म्हणत घुसला.

बाहेर वरांड्यात आल्यावर फुएन्सांता भिंतीला टेकून उभी राहिली. विसी पंखा मिटून मागून आली. "काय गं, तो पोस्टमन कुठे गेला?"

"तू दिलास! सेलेदोनिओकाकांना! सकाळी!"

"अगं पण फुकट नाही दिला!" विसी तडकली. "बदल्यात घेतलं ना पुस्तक? आणि तुझं तर भलं झालं त्यानं. आईला मिठी मारायची सोडून ओरडतेस कसली?" मग फुएन्सांतानं तिला मिठी मारली आणि दोघी त्या उकाड्यात उभ्या राहून हसत रडत राहिल्या.

निकाल शाळेच्या काचेच्या दारावर लागला. गर्दी अशी की विचारू नका. फुएन्सांता सवयीनं यादी खालून वर वाचू लागली. नाव सापडेना. मग मागून ती सुनीतवाली मुलगी ओरडली, "वर बघा, बाई, वर! दुसऱ्या आहात तुम्ही!" आन्सेल्मो सर तिथेच होते. पुढे येऊन हात हातात घेत म्हणाले, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, तो चित्रकथांचा धडा राखून ठेवा." फुएन्सांतानं त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आता साऱ्या क्लासला तो पाठ करायला लावू नका म्हणजे झालं." संध्याकाळी मावसभावाला फोन करून सांगितलं, तुझी खुर्ची तुलाच लखलाभ. खिडकी उघडी होती, अख्ख्या आळीनं ऐकलं.

जुलैत जागा वाटायचा कार्यक्रम झाला. मोठा हॉल, पुढे माइकवर कारकून, शेजारी फळ्यावर गावांची यादी. क्रमानं नाव पुकारतात आणि तुम्ही जागा निवडता. पहिल्या क्रमांकाच्या मुलानं मुर्सियातली सगळ्यात नामांकित शाळा घेतली. मग तिचं नाव आलं. ती उभी राहिली.

"कुठली जागा?" कारकुनानं विचारलं.

फुएन्सांता फळ्यावरची यादी वरपासून खालपर्यंत बघत राहिली. उद्यापासून येक्ला, परवापासून लोर्का, हे ऐकायची सवय झालेले कान ते. आज समोरचा माणूस विचारत होता. हॉलभर माणसं वाट पाहत होती.

"बाई, कुठली हवी तुम्हाला?"

"अगं बोल की!" मागून विसीचा आवाज आला.

"मला सिएसा हवं," फुएन्सांता म्हणाली. "मोटार दुरुस्ती आणि सुतारकामाचे वर्ग."

कारकुनानं मान वर केली. "ते वर्ग कुणी घेत नाही. तुमचा नंबर वरचा आहे, नीट विचार करा."

"मी विचार करूनच सांगतेय. मला तेच हवेत."

त्यानं खांदे उडवले, शिक्का मारला आणि माइकवर वाचून दाखवलं, "सिएसा. कायम."

"पुन्हा एकदा वाचा," ती म्हणाली.

मागे अजून भलीमोठी रांग होती. कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं पुन्हा वाचलं.